चौथ्या टेकनंतरचे दोन शब्द

विशाखा,

तुला जाऊन अकरा दिवस होत नाहीत तोच लोक तुझ्याविषयी चुकीचे बोलू लागले आहेत. गेलेल्या माणसाबद्दल चांगले बोलावे या रीतीला माझी हरकत नाही. चांगले बोलण्याच्या भरात वाटेल ते बोलण्याला आहे. तुझी आई, माझी धाकटी बहीण कमल, विकास नगरच्या तुमच्या घरात पांढऱ्या चादरीवर बसलेली असते. माणसे येतात, चहा घेतात आणि तिला तुझ्या त्या एका व्हिडिओची गोष्ट सांगतात. प्रत्येकाची गोष्ट वेगळी. कमल प्रत्येक गोष्टीला मान हलवते. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून ऐकतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच माझ्या तोंडून निघते, "असे नव्हते ते."

"दादा, आता तरी भांडू नकोस रे," कमल म्हणते.

भांडणे हा माझा स्वभाव आहे आणि तो तुला जितका ठाऊक होता तितका दुसऱ्या कुणाला नाही. येत्या रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. त्या वेळी वाटायच्या पुस्तिकेसाठी आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी माझ्याकडे दोन पाने मागितली. मथळाही त्यांनीच ठरवून पाठवला: 'गुरूची आदरांजली'. तो मथळा त्यांनी स्वतःजवळ ठेवावा. मी लिहितो आहे ते तुला उद्देशून. बाकीच्यांनी ऐकले तर माझी ना नाही. किंबहुना त्यांनी ऐकावे म्हणूनच लिहितो आहे.

आधी दुसऱ्यांचे पाहू, मग माझे.

ज्या व्हिडिओबद्दल सारे बोलतात तो 'टीनशेड' या इथल्या रॉक बँडचा. आलमबागेत मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारामागे एक पत्र्याची शेड होती. पोरे तिथे सराव करत आणि तेच नाव त्यांनी बँडला दिले. व्हिडिओत गायक, गिटारवाला आणि ड्रमर सगळे अडखळत हलतात. ओठ गाण्याबरोबर बिनचूक जुळतात, हात मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखे जातात. ड्रमची काडी हवेत क्षणभर थांबते आणि पुढच्या क्षणी खाली असते. पाहणाऱ्याला वाटते, गाणे वाहते आहे आणि माणसे त्यात ठेचकाळत चालली आहेत. त्या अडखळण्यावर लोकांनी जीव टाकला. हे अडखळणे आले कुठून, यावरच सगळ्या गोष्टी चालतात.

गायक ज़ीशान परवा कमलच्या समोर मांडी घालून बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आंटी, मैं बचपन में हकलाता था। विशाखा दीदी ने वही दर्द पकड़ा।" पोरगा मनाने चांगला आहे, पण हे खोटे आहे. त्याच्या बोलण्यातले अडखळणे व्हिडिओ गाजल्यानंतरच्या मुलाखतींत जन्माला आले. त्यापूर्वी तीन महिने तो तुझ्याकडे येत-जात होता आणि त्याच्या तोंडाला खळ नसे. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "मामाजी, आप भी न!" आणि हसता हसता पुन्हा रडला.

एका खासगी महाविद्यालयात माध्यमे शिकवणारे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या मते मेट्रोच्या खोदकामात जागोजागी थबकलेल्या शहराचे ते रूपक आहे. मी त्यांना विचारले की तुम्ही कधी आयुष्यात एक तरी शॉट घेतला आहे का. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

आणि तिवारी, ज्याने त्या व्हिडिओचा खर्च केला होता, तो दारातच उभा राहून कुणाला तरी सांगत होता, "थोड़ी लापरवाह थीं, पर क़िस्मत की धनी थीं। गलती से चीज़ बन गई।"

विशाखा, मी पंचाहत्तरीला आलो आहे. त्या माणसाची गचांडी धरण्याची ताकद माझ्या हातात राहिलेली नाही. तरी उठलो. कमलने माझ्या सदऱ्याची बाही धरली. मी पुन्हा बसलो, आणि बसल्यावर लक्षात आले की मी उठलो तो रागाने नव्हे. तिवारीच्या गोष्टीत एक शब्द खरा होता. चूक झाली होती. ती कुणाची, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होते.

तुझे-माझे भांडण फार जुने. तू सात-आठ वर्षांची असताना मी तुला माझ्या कॅमेऱ्यासमोर उभे केले होते आणि पहिला नियम शिकवला होता: लेन्समध्ये पाहायचे नाही. तू पाहिलेस. मी ओरडलो. तू पुन्हा पाहिलेस आणि जीभ काढलीस. मी सरकारी नोकरीत बत्तीस वर्षे कॅमेरा चालवला. मंत्र्यांची भाषणे, पुराची पाहणी, छावणीतली संचलने, कृषिप्रदर्शने. आमच्या कामात लेन्समध्ये पाहण्याचा अधिकार एकट्या बातम्या वाचणाऱ्याला. बाकी कुणी पाहिले की शॉट बाद. चौकट क्षितिजाला समांतर, तिपाई घट्ट, डोक्यावर चार बोटे जागा. या धर्मात मी म्हातारा झालो.

आणि तू रॉकचे व्हिडिओ करायचे म्हणालीस.

दर गुरुवारी तू मेट्रोने आलमबागेला उतरून माझ्याकडे यायचीस, सोबत कमलने दिलेला भाकरी-ठेच्याचा डबा, आणि जेवण होताच लॅपटॉप उघडून मला एकेक व्हिडिओ दाखवायचीस. मी एकेकाची चिरफाड करायचो. गिटारचे टोक थेट लेन्समध्ये खुपसलेले. रुंद लेन्स जमिनीलगत ठेवून साध्या पोराचा राक्षस केलेला. ड्रमरभोवती गरगर फिरणारा कॅमेरा. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर असा झटका की मधले सगळे पुसले जावे. शेवटच्या कडव्याला क्रेनवर चढून वर वर जाणारी दृष्टी. ओसाड कारखाना, धूर, पाठीमागून झोतदिवा. "सगळ्यांना एकच कारखाना भाड्याने मिळतो काय गं?" मी विचारायचो.

"मामा, ते यार, व्याकरण आहे त्यांचं. तुमचं नाही का? लाल फीत, कात्री, टाळ्या."

"फीत कापताना कॅमेरा नाचत नाही. कॅमेरा नाचला तर नाचणारा दिसत नाही."

"दिसायला नकोच आहे तो. लागायला पाहिजे." तू ठेच्याचे बोट चाटत म्हणायचीस. "तुमचा कॅमेरा साक्षीदार असतो, मामा. कोर्टात उभा राहिल्यासारखा. रॉकमधला कॅमेरा बँडचाच एक माणूस असतो. तो गायकाकडे बघतो, गायक त्याच्याकडे बघतो. लेन्समध्ये. डोळ्यात डोळा घालून."

"तो असभ्यपणा आहे."

"अच्छा? मग मी लहानपणापासून असभ्यच आहे."

या वादाचा निकाल लागला नाही. मी हरलो असे कधी म्हणालो नाही, आणि तू जिंकलीस असे तूही म्हणाली नाहीस. तुझ्याकडे लग्नांचे चित्रीकरण सोडून पहिलेच मोठे काम आले तेव्हा मात्र कॅमेऱ्यामागे उभा राहायला तू मला बोलावलेस. लोकांना वाटते मी तुझ्यावर उपकार केला. उलट आहे. निवृत्तीनंतर तेरा वर्षे मला कुणी कॅमेरा हातात दिला नव्हता. तू दिलास. तिवारी म्हणाला होता, "इतने बुज़ुर्ग?" तू म्हणालीस, "इनका हाथ देखिए, फिर बोलिए." हे मला ज़ीशानने फार पुढे सांगितले.

आता त्या दिवसाचे सांगतो. हे कुणाच्या गोष्टीत नाही.

तुझी कल्पना मी नीट मांडतो, कारण ती तुझी होती, आणि ती अडखळण्याची नव्हती. तुला हवी होती संथ, पाण्याखाली चालल्यासारखी हालचाल, पण ओठ गाण्याशी जुळलेले. त्याची युक्ती अशी: शेडमध्ये गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, गायकाने त्याच वेगाने गायचे आणि कॅमेऱ्याने सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास चित्रे टिपायची. पुढे ती पंचवीसच्या चालीने दाखवली की गायक नेहमीच्या वेगाने गाताना दिसतो, पण त्याचे केस, हात, घामाचा थेंब, सगळे अर्ध्या वेगाने तरंगते. मी बत्तीस वर्षांत हे कधी केले नव्हते. तू समजावलेस तेव्हा मी म्हणालो, "ठाऊक आहे मला." ठाऊक नव्हते.

शेड सोमवारी पाडली जाणार होती. हातात एकच दिवस होता आणि पाच वाजता मालकाला किल्ली परत द्यायची होती. सकाळी तू म्हणालीस, "मामा, पहिला रिकाम्या शेडचा शॉट पंचवीसवरच घेऊ. या कॅमेऱ्यात पन्नासवर आवाज नोंदला जात नाही, आणि मला पत्र्याचा आवाज हवाय. मग पन्नास करू." शॉट झाला. पत्रा उन्हाने तडतडत होता. बँड जागेवर आला. तू गाणे लावायला स्पीकरकडे गेलीस आणि तिथून ओरडून विचारलेस, "मामा, पन्नास केलंत ना?"

मी तिपाईची कळ आवळत होतो. मान वर न करता म्हणालो, "केलं."

केले नव्हते. पन्नास करायचे राहून गेले होते. एवढे राहणे कुणाचेही होते. त्याची मला लाज वाटत नाही. 'केलं' या शब्दाची वाटते. मी पाहिले नाही, आणि पाहिल्यासारखे बोललो, कारण भाचीने मला विचारावे हेच मला खपले नाही.

गाणे दुप्पट वेगाने सुरू झाले तेव्हा सगळे हसत सुटले. ज़ीशान म्हणाला, "मामाजी, ये मैं नहीं, गिलहरी गा रही है!" त्याला आपल्या आवाजात खारीची चिरचिर ऐकू येत होती. ड्रमरचे हात पंख्यासारखे फिरत होते. पहिल्या टेकनंतर तू म्हणालीस, "एकदा प्लेबॅक बघून घेऊ का?" मी म्हणालो, "टेक घेतला की लगेच पाहायचा, ही नवशिक्यांची रीत आहे. फिल्मच्या काळात आम्ही चार-चार दिवस पाहत नसू. ज्याचा डोळ्यावर विश्वास आहे त्याला पाहावे लागत नाही." बँडसमोर म्हणालो. तू माझा मान राखलास आणि पाहिले नाहीस.

चौथा टेक संपला. गाणे थांबले, तू ज़ीशानला काही सांगायला पुढे गेलीस. कॅमेरा अजून चालू होता. मी बंद करायला वाकलो, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आवाजाच्या हिरव्या पट्ट्या हलताना दिसल्या. पन्नासवर त्या हलायला नकोत. शेजारी आकडा होता. पंचवीस.

विशाखा, घड्याळात दीड वाजला होता. पाच वाजेपर्यंत वेळ होता. मी तेवढ्यात हाक मारली असती, तर सारे सावरले असते. चार टेक गेले असते, एवढेच. ड्रमर हसला असता, ज़ीशानने टोमणा मारला असता, तू म्हणाली असतीस, "अरे यार मामा!" आणि आपण पन्नासवर नव्याने सुरुवात केली असती.

मी हाक मारली नाही. गुपचूप पन्नास करावे, तर चौथ्या आणि पाचव्या टेकमधला फरक तुला दिसला असता आणि तू विचारले असतेस. मी पंचवीसच राहू दिले. त्यानंतर आणखी पाच टेक झाले. ते फुकट आहेत हे ठाऊक असताना मी त्या पोरांना दुप्पट वेगाने वाजवायला लावले. ड्रमरच्या तळव्याला फोड आले. त्याने रुमाल बांधला आणि वाजवत राहिला. प्रत्येक टेकला मी गंभीर चेहऱ्याने अंगठा वर केला.

पावणेपाचला तू स्वतः कॅमेऱ्याशी आलीस आणि आकडा पाहिलास. मग जे झाले ते सगळ्यांनी ऐकले आणि सगळ्यांनी खरे मानले. तू तिवारीकडे वळून म्हणालीस, "भैया, मामाजी को मैंने ही पच्चीस बोला था। गलती मेरी है।" तिवारी काय काय बोलला ते मी लिहीत नाही. तुझ्या आईला हे वाचायचे आहे. मी कॅमेऱ्यामागे उभा राहून हातातली जादा लेन्स पुसत होतो. लेन्स स्वच्छ होती.

मग तू घरी बसलीस. कितीतरी दिवस दुपारच्या दुपारी पडदे ओढून तू त्या वाया गेलेल्या चित्रणाशी झगडलीस. दुप्पट वेगाने धावणारे ओठ गाण्याशी जुळवायचे तर चित्र निम्म्या वेगावर आणायला हवे, आणि तेवढी चित्रे तर टिपलेलीच नव्हती. म्हणून तू प्रत्येक चित्र दोनदा दाखवलेस. त्यातून ते अडखळणे आले. तू ते लपवले नाहीस, उलट ड्रमच्या ठोक्यावर बसवलेस. जिथे चित्र थांबते तिथे ठोका पडतो. माझ्या खोटेपणातून तू एक चाल काढलीस. म्हणून ज़ीशान चूक, ते प्राध्यापक चूक, आणि तिवारी सर्वांत चूक: त्यात नशिबाचा काही संबंध नव्हता. ते निखळ तुझे काम होते.

आणि मी?

व्हिडिओ गाजला. आपल्या मंडळाने जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला. शाल, मानचिन्ह आणि दोन शब्द. मी बोललो. त्या दिवशी सभागृहात असलेले अनेकजण हे वाचतील, त्यांना माझे वाक्य आठवत असेल: "चौकट केव्हा मोडायची हे त्यालाच कळते, ज्याने ती आयुष्यभर सांभाळली आहे." टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत तू बसली होतीस, निळी साडी, कमलशेजारी. तूही टाळ्या वाजवल्यास. तुझे हात काय म्हणत होते ते मी पाहायचे टाळले. तुझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे पाहून बोलत राहिलो.

ते मानचिन्ह मी बैठकीच्या खोलीत टांगले. तू गुरुवारी यायचीस तेव्हा आल्या आल्या ते बोटाने सरळ करायचीस. "तिरकं होतं मामा परत परत. खिळा बदला." मी खिळा बदलला नाही. दर गुरुवारी तू ते सरळ करत राहिलीस.

टीनशेडचे पुढचे सगळे व्हिडिओ तिवारीने मुंबईच्या मंडळींना दिले. त्यांनी ते अडखळणे यंत्रावर एक कळ दाबून केले. त्या अडखळण्याचे नाव झाले तुझ्यामुळे, आणि काम मिळाले त्यांना, कारण तू 'लापरवाह' होतीस. तुझ्याकडे पुन्हा लग्ने आली. एकदा छावणीतल्या एका सुभेदारांच्या मुलीच्या लग्नात मी तुला काम करताना पाहिले. नवरी मंडपात येत होती आणि तू मागे मागे सरकत तिला टिपत होतीस. तुझ्या कॅमेऱ्याच्या पाठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. त्यावर तुझ्या अक्षरात लिहिले होते: 'पन्नास?'

जी चूक तू केली नव्हतीस तिचा धडा तू घेतला होतास. मी जेवण न करता घरी आलो.

सांगणार होतो. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवले याचा हिशेब नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तर ठरवूनच आलो होतो. कमल औषध आणायला खाली गेली होती. मी खुर्ची ओढली. तू म्हणालीस, "मामा, हा वरचा ट्यूबलाइट बघा. यात कुणाचाही चेहरा मेल्यासारखाच दिसेल." मी म्हणालो, "बाजूने प्रकाश हवा. खिडकीचा पडदा अर्धा सारला तर." तू म्हणालीस, "अर्धा नाही, पूर्ण. मला सपाट प्रकाश नको, मामा, धार पाहिजे." आपण पडद्यावर वाद घातला. कमल आली. मी उठलो. निघताना मी दारात थांबलो आणि म्हणालो, "विशाखा, त्या शेडमधल्या दिवशी…" तू डोळे मिटलेस. "असू द्या ना, मामा."

मला वाटले, तू थकली आहेस. मला असेही वाटले, तुला काही ठाऊक नाही. हे दुसरे वाटणे मला फार सोयीचे होते.

काल कमलने तुझ्या हार्डडिस्कचा डबा माझ्यापुढे ठेवला. "रविवारी व्हिडिओ दाखवायचाय म्हणतात. यातला कुठला ते तूच बघ, दादा. मला काय कळतं." मी व्हिडिओ शोधत होतो. शेजारी एक फोल्डर होते. त्याचे नाव 'मामा'. आत दोन तुकडे, दोन्ही तू कापून वेगळे ठेवलेले.

पहिला चौथ्या टेकचा शेवट. गाणे थांबते. तू ज़ीशानकडे जाताना पाठमोरी दिसतेस. पत्रा तडतडतो. आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, कानात बोलल्यासारखा, माझा आवाज येतो. मी स्वतःशी बोलतो ही सवय मला ठाऊक आहे. त्या दिवशीही बोललो हे आठवत नव्हते. "अरे… पंचवीस." मग माझा एक श्वास. मग दोन शब्द. "जाऊ दे."

तू त्या चित्रणावर इतके दिवस बसली होतीस. एकेक चित्र मोजत होतीस. म्हणजे तू ते ऐकले होतेस. सत्काराच्या आधीच ऐकले होतेस. तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवताना, दर गुरुवारी ते मानचिन्ह सरळ करताना, दवाखान्यात डोळे मिटताना, तुला ठाऊक होते की मला ठाऊक होते.

हे फोल्डर तू का ठेवलेस, मला कळत नाही. पुरावा म्हणून ठेवले असतेस तर वापरले असतेस. रविवारी कुणी उठून याचाही सुंदर अर्थ सांगेल: क्षमा, करुणा, मोठे मन. त्यांना मी आत्ताच सांगून ठेवतो की तुम्हाला ते ठाऊक नाही, आणि मलाही नाही. तिच्या तोंडी शब्द घालू नका. त्या घरात तिच्या तोंडी पुरेसे शब्द घातले गेले आहेत आणि त्यातला पहिला घास माझा होता.

माझी विधाने एवढीच. आकडा मी पाहिला नाही. पाहिला तेव्हा लपवला. तिने माझी चूक स्वतःवर घेतली ती मी घेऊ दिली. तिचे श्रेय मला दिले गेले ते मी घेतले. मानचिन्ह खाली उतरवले आहे. भिंतीवरचा चौकोन मात्र बाजूच्या रंगापेक्षा फिकट दिसतो, तो तसाच राहील.

रविवारी मला 'दोन शब्द' बोलायला सांगितले आहे. मी भाषण करणार नाही. तो व्हिडिओ दाखवायच्या आधी तुझ्या फोल्डरमधले दोन्ही तुकडे दाखवणार आहे, तिवारीलाही बोलावून. पहिल्यातले दोन शब्द माझेच आहेत, तेवढे पुरेत. दुसरा तुकडा तुझा आहे.

तो पावणेपाचचा आहे, शेवटच्या टेकनंतर कॅमेरा चालूच राहिला तेव्हाचा. तू कॅमेऱ्याजवळ येतेस, इतकी की चौकटीत फक्त चेहरा उरतो, डोक्यावर जराही जागा न सोडता. तू कॅमेऱ्याचा बाजूचा छोटा पडदा आपल्याकडे वळवून त्यावरचा आकडा पाहतेस. भुवया आक्रसतात. मग तू डोळे वर करतेस आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहतेस, म्हणजे थेट लेन्समध्ये, मी तुला करू नकोस म्हणून शिकवले होते तसे. मग मान वळवून तू ते वाक्य बोलतेस. "गलती मेरी है।"

मी पन्नास केले असते तर ते पाहणे दुप्पट लांबले असते. मला हवा तितका वेळ तुझ्या डोळ्यांत काय होते ते शोधता आले असते. पंचवीसवर ते तीन सेकंदांत संपते. मी ते काल पुन्हा पुन्हा पाहिले आणि प्रत्येक वेळी ते तीन सेकंदांतच संपले.

पण पन्नासवर आवाज नोंदला गेला नसता. तुझा आवाज आज माझ्याजवळ आहे तो त्या चुकीमुळे, आणि तो माझ्यासाठी खोटे बोलतो आहे.